महाविद्यालयाचे कार्यालय: मुख्य लिपिक निवृत्त झाल्यावर ते चालवायचे कसे?

कऱ्हाकाठ

नमस्कार. पुणे जिल्ह्यातील तालुक्याच्या गावी असलेल्या एका अनुदानित महाविद्यालयात मी सतरा वर्षे मराठी शिकवतो आहे. आमचे मुख्य लिपिक, ज्यांना सारे गाव भाऊसाहेब म्हणून ओळखते, ते यंदा ३१ मे रोजी वयाची ५८ वर्षे पूर्ण करून निवृत्त झाले. शाल, श्रीफळ, भाषणे असे सारे रीतसर झाले, मात्र त्यांच्या टेबलावर नेमके काय काय चालत होते, हे जून उजाडल्यावरच आम्हाला कळू लागले.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्या एक माजी विद्यार्थिनी महाविद्यालय सोडल्याच्या दाखल्याची दुसरी प्रत मागण्यासाठी आल्या. त्यांचा प्रवेश १९९३ सालचा होता आणि नोकरीच्या कागदपत्र पडताळणीसाठी त्यांच्या हाती चारच दिवस उरले होते. नव्या लिपिकाने त्या वर्षाची नोंदवही तीनदा चाळली, तरी त्यांचे नाव सापडेना. ‘मी तीन वर्षे याच इमारतीत शिकले हो,’ असे म्हणताना त्यांचा आवाज कापत होता. शेवटी मी भाऊसाहेबांना फोन लावला. ते म्हणाले, “त्या वर्षी श्रावणात छत गळून नोंदवही भिजली होती, म्हणून ४१२ क्रमांकापासून पुढे दुसरी वही केली. तिला खाकी पुठ्ठा आहे आणि ती भांडारातल्या मोठ्या ट्रंकेत जुन्या पावती पुस्तकांच्या खाली आहे.” दहा मिनिटांत वही हाती आली. पहिल्या पानावर भाऊसाहेबांच्याही आधीच्या लिपिकाच्या वळणदार अक्षरात ‘मागील वहीवरून पुढे चालू’ असे लिहिलेले होते आणि बाईंचे नाव चौथ्या ओळीत होते.

त्या दिवसापासून मला स्वस्थता नाही. प्रवेश, पात्रता, परीक्षा अर्ज, शिष्यवृत्ती, वेतनदेयके, अनुदान निर्धारण (किती अनुदान ग्राह्य धरायचे याची तपासणी), सेवापुस्तके या साऱ्यांचे धागेदोरे ज्या चारपाच माणसांच्या हातात असतात, त्यांच्याविषयी आम्ही प्राध्यापक मंडळी फार कमी जाणतो. तुमच्या महाविद्यालयात हे ज्ञान एका हातातून दुसऱ्या हातात कसे जाते? ते लिहून ठेवण्याची काही पद्धत आहे का?

शुभदा_ठाणे

३१ मे या तारखेवरून एक गोष्ट सांगावीशी वाटते. पूर्वी मुलाला शाळेत घालताना जन्मतारीख माहीत नसली की गुरुजी सरसकट १ जून लिहीत, त्यामुळे त्या पिढीतील असंख्य कर्मचारी ३१ मे या एकाच दिवशी निवृत्त होतात. आमच्या महाविद्यालयात एका वर्षी अधीक्षक, लेखापाल आणि एक वरिष्ठ लिपिक असे तिघेही एकाच संध्याकाळी बाहेर पडले आणि पुढच्या पंधरवड्यात प्रवेश सुरू झाले. शैक्षणिक वर्षातील सर्वांत गर्दीचा महिना आणि कार्यालय सर्वाधिक रिकामे असण्याचा महिना असे एकच येतात, याचा विचार नियोजन करणाऱ्यांनी करायला हवा.

आस्थापना_टेबल

कऱ्हाकाठ सर, तुमचा धागा वाचून बरे वाटले. मी मराठवाड्यातील एका अनुदानित महाविद्यालयात वरिष्ठ लिपिक आहे. माझी २२ वर्षे सेवा झाली असून बहुतेक काळ आस्थापनेचे, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या सेवा आणि वेतनाचे, टेबल माझ्याकडेच आहे.

आमचे काम बाहेरून दिसत नाही, कारण ते बिघडल्याशिवाय कोणाच्या नजरेस येत नाही. महिन्याचे वेतनदेयक घ्या. हजेरीपट बंद करायचा, रजा कोणत्या खात्यात टाकायची ते ठरवायचे, भविष्य निर्वाह निधीचे हप्ते, आयकर, पतसंस्थेची कपात हे सगळे पाहायचे आणि मग सेवार्थ या शासनाच्या ऑनलाइन वेतन प्रणालीत देयक तयार करून ते उच्च शिक्षण सहसंचालक कार्यालयाकडे पाठवायचे. १ नोव्हेंबर २००५ पूर्वी लागलेल्यांची निवृत्तिवेतनाची पद्धत वेगळी आणि नंतर लागलेल्यांची वेगळी असल्यामुळे एकाच विभागात शेजारी बसणाऱ्या दोन प्राध्यापकांच्या कपाती निराळ्या असतात. एखाद्याची वेतननिश्चिती पंधरा वर्षांपूर्वी चुकलेली असेल, तर ती निवृत्तीच्या वेळी पडताळणीत निघते आणि वसुलीचा आकडा पाहून माणूस खचतो. आम्ही सेवापुस्तकाचे पान न पान पुन्हा वाचतो, ते त्यासाठीच.

आता ज्ञान लिहून ठेवण्याविषयी. सर, लिहिलेले बरेच असते. टिपणी असते, शेरा असतो, जावक क्रमांक असतो, वहीच्या समासात तारीखही असते. मात्र ते वाचायला शिकवावे लागते आणि शिकवण्यासाठी समोर माणूस असावा लागतो. आमच्या आकृतिबंधातील, म्हणजे मंजूर पदांपैकी, निम्मी पदे रिक्त आहेत. संस्था स्वतःच्या निधीतून ठरावीक मानधनावर मुले नेमते. ती हुशार असतात, कामही मनापासून करतात, पण अकरा महिन्यांनी दुसरीकडे थोडे जास्त पैसे मिळाले की जातात, आणि त्यांना दोष तरी कसा द्यावा? मी गेल्या सहा वर्षांत शिष्यवृत्तीचे काम पाच जणांना शिकवले.

वर्धेकर

मला थोडे वेगळे मत मांडायचे आहे आणि ते कोणाला दुखावण्यासाठी नाही.

मी महाविद्यालयात होतो तेव्हा शिष्यवृत्तीचा अर्ज घेऊन कार्यालयाच्या खिडकीशी पाच वेळा गेलो. पहिल्यांदा उत्पन्नाचा दाखला जुना म्हणून परत पाठवले. दुसऱ्यांदा गेलो तेव्हा जात वैधता प्रमाणपत्राची प्रत साक्षांकित नाही असे सांगितले, आणि तिसऱ्यांदा ‘साहेब जेवायला गेलेत’ असे उत्तर मिळाले. आमच्या गावाहून सकाळी एक आणि संध्याकाळी एक अशा दोनच बस होत्या. दाखल्यासाठी वडिलांनी दोन दिवसांची मजुरी बुडवली. अखेर मुदत संपली, त्या वर्षीची शिष्यवृत्ती बुडाली आणि शुल्कासाठी आईचे कानातले गहाण पडले. कागदांची पूर्ण यादी त्या खिडकीवर पहिल्याच दिवशी लावलेली असती, तर मी एका फेरीत सगळे आणले असते.

म्हणून भाऊसाहेबांच्या स्मरणशक्तीचे कौतुक वाचताना मनात येते की जे ज्ञान एकाच माणसाच्या डोक्यात राहते, ते त्याच्या मर्जीवरही राहते. तुमचे भाऊसाहेब सज्जन होते, हे त्या बाईंचे नशीब.

शुभदा_ठाणे

वर्धेकर, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. यादीचा मुद्दा अगदी खरा आहे.

आस्थापना_टेबल

वर्धेकर दादा, तुमच्या घरावर जे ओढवले त्याबद्दल त्या खिडकीच्या आत बसणारी म्हणून मला वाईट वाटते. आमच्याकडे काम फार असते हे खरे असले, तरी ते तुमच्या प्रश्नाचे उत्तर होत नाही, हे मी जाणते.

आता महाडीबीटी या शासनाच्या शिष्यवृत्ती संकेतस्थळावर अर्ज विद्यार्थी स्वतः भरतो. तो आधी लिपिकाच्या लॉगिनला येतो, मग प्राचार्यांच्या लॉगिनला आणि तिथून संबंधित विभागाकडे जातो. खिडकीवरच्या फेऱ्या त्यामुळे कमी झाल्या, पण नवीन अडचणी उभ्या राहिल्या. बँक खाते आधारशी जोडलेले नसले तर अर्ज मंजूर होऊनही पैसे पडत नाहीत. त्रुटी काढून अर्ज परत पाठवला, तर संदेश ज्या मोबाईलवर जातो तो बहुतेक वेळा सायबर कॅफेवाल्याचा किंवा मामाचा असतो आणि मुलीला काहीच कळत नाही. मी दर शुक्रवारी परत गेलेल्या अर्जांची यादी काढून वर्गावर्गात वाचायला देते. काही प्राध्यापक ती आवर्जून वाचतात, तर काहींच्या वहीतच ती राहते. सर, प्राध्यापकांनी आमच्याविषयी काय जाणावे, असे तुम्ही विचारले होते. निदान ती यादी वाचली जावी, एवढी आमची अपेक्षा आहे.

२०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांतील पात्र मुलींना शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ झाले, ही फार चांगली गोष्ट झाली. मात्र निर्णय जुलैमध्ये आला तेव्हा कित्येक महाविद्यालयांत शुल्क घेणे सुरू झाले होते. घेतलेले पैसे परत करायचे म्हणजे पावती शोधणे, खतावणीत उलट नोंद करणे आणि पालकांचे खाते क्रमांक गोळा करणे आले. असे कोणतेही काम शेवटी एकाच टेबलावर येऊन थांबते.

पंचगंगा

चर्चा लिपिकांभोवती फिरते आहे, म्हणून प्रयोगशाळा परिचर आणि शिपाई यांच्याविषयी लिहितो. मी कोल्हापूरच्या एका महाविद्यालयात ३१ वर्षे रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालो.

आमच्याकडे एक परिचर होते, त्यांना सगळे मामा म्हणत. शिक्षण नववीपर्यंतचे. प्रात्यक्षिक परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी प्रत्येक विद्यार्थ्यासाठी द्रावणे तयार करणे, ब्युरेट धुऊन उलट्या लावणे, सिल्व्हर नायट्रेट तपकिरी बाटलीतच भरले आहे ना हे पाहणे, ही त्यांची कामे. एका वर्षी परीक्षेच्या सकाळी पहिल्या तुकडीची वाचने विचित्र येऊ लागली. बाहेरून आलेले परीक्षक विद्यार्थ्यांना दोष देऊ लागले आणि मीही गोंधळलो. मामांनी काही न बोलता एका परीक्षानळीत आमचे ऊर्ध्वपातित पाणी घेतले, त्यात सिल्व्हर नायट्रेटचा एक थेंब टाकला आणि नळी खिडकीच्या उजेडात धरली. पाणी दुधाळ झाले. ऊर्ध्वपातन यंत्राच्या शीतकाला बारीक चीर गेली होती आणि त्यातून नळाचे पाणी मिसळत होते. दुसऱ्या प्रयोगशाळेतून पाण्याचे कॅन आणले आणि पहिल्या तुकडीला पुन्हा संधी दिली. वीस मुलांचे गुण त्या एका थेंबामुळे वाचले.

मामा ६० व्या वर्षी निवृत्त झाले. ते पद अजून भरलेले नाही. आता प्राध्यापकच द्रावणे तयार करतात आणि त्या वेळात जे शिकवायचे ते राहून जाते.

मांडवीकाठ

मी पणजीचा. गोव्यातही हीच परिस्थिती असून आमच्याकडे तिला इतिहासाची एक जोड आहे. गोवा विद्यापीठ १९८५ मध्ये स्थापन झाले आणि त्यापूर्वी इथली महाविद्यालये मुंबई विद्यापीठाशी संलग्न होती. त्यामुळे त्या काळातील एखाद्या पदवीधराला जुनी कागदपत्रे लागली, तर त्याने नेमके कोणत्या दाराशी जायचे हे सांगणारी माणसे आता मोजकीच राहिली आहेत. माझ्या वडिलांच्या गुणपत्रिकेच्या वेळी एका निवृत्त लिपिकबाईंनी घरी बसून अर्जाचा मसुदा लिहून दिला होता.

टोरांटोतली_सई

मांडवीकाठ यांचा प्रतिसाद वाचून माझा अनुभव लिहायलाच हवा असे वाटले. कॅनडात येताना माझ्या पदवीचे मूल्यांकन करून घ्यायचे होते. त्यासाठी ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे सर्व वर्षांच्या गुणांचा अधिकृत उतारा, बंद पाकिटात, पाकिटाच्या तोंडावर सही आणि शिक्का घेऊन पाठवावे लागते. मी पदवी घेऊन तेरा वर्षे झाली होती आणि आई माझ्या वतीने कार्यालयात गेली.

तिथल्या मॅडमनी अर्ज हातात घेतल्याबरोबर एक गोष्ट सांगितली, जी मला कुठल्याही संकेतस्थळावर सापडली नव्हती. आपल्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी आणि शेवटी आईचे नाव असते. पारपत्रावर क्रम वेगळा असतो, शिवाय माझे आडनाव लग्नानंतर बदललेले. “कागद तिकडे गेल्यावर नाव जुळत नाही म्हणून परत येतील आणि मुलीचे दोन महिने जातील. आधी नावाचे शपथपत्र आणि विवाह प्रमाणपत्राची प्रत जोडा,” असे त्या म्हणाल्या. आई दुसऱ्या दिवशी ते घेऊन गेली. पाकीट पाठवण्याआधी त्यांनी मला भारतातल्या रात्री नऊ वाजता फोन करून पारपत्रावरचे स्पेलिंग अक्षर अक्षर विचारून घेतले. त्यांना मी कधी पाहिलेले नाही. वर्धेकर यांना भेटलेली खिडकी आणि मला भेटलेली खिडकी एकाच राज्यातल्या आहेत, आणि आपल्या वाट्याला कोणती येईल हे आधी कळत नाही.

नियमावली

काही माहिती नोंदवतो, कारण पुष्कळ प्राध्यापकांनाही ती ठाऊक नसते. शिक्षकेतर कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींसाठी १९८४ ची प्रमाण संहिता आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ च्या कलम ९७ नुसार प्रत्येक महाविद्यालयात महाविद्यालय विकास समिती असते. तिच्यात शिक्षकांचे तीन निवडून आलेले प्रतिनिधी असतात आणि शिक्षकेतर कर्मचाऱ्यांचा एक. वर्षातून किमान चार बैठका व्हायला हव्यात. कऱ्हाकाठ सरांनी विचारलेला प्रश्न याच बैठकीत मांडता येतो. निवृत्ती अचानक येत नाही, तिची तारीख सेवापुस्तकाच्या पहिल्या पानावरून पहिल्याच दिवशी काढता येते. पुढील तीन वर्षांत कोण कधी निवृत्त होणार याची यादी शिक्षकेतर प्रतिनिधीने समितीपुढे ठेवावी आणि ती इतिवृत्तात घ्यायला लावावी. इतिवृत्तात आलेल्या गोष्टीचा पाठपुरावा करता येतो.

अभिषेक_नगर

फेब्रुवारी २०२३ मध्ये याच कर्मचाऱ्यांनी परीक्षेच्या कामावर बहिष्कार टाकला आणि पुढे कामच बंद केले, तेव्हा आमच्या परीक्षा लांबल्या होत्या. त्यांच्या मागण्या रास्त असतीलही, पण भुर्दंड विद्यार्थ्यांना का?

आस्थापना_टेबल

अभिषेक, तुझा राग मी समजू शकते. माझी मुलगीही त्या वेळी परीक्षेला बसणार होती आणि घरात मला तोच प्रश्न विचारला गेला.

रद्द झालेला आश्वासित प्रगती योजनेचा शासन निर्णय पुन्हा लागू करावा आणि रिक्त पदे भरावीत, या प्रमुख मागण्यांपैकी होत्या. पहिली मागणी आमच्या पगाराची आहे हे मी लपवत नाही. जो माणूस कनिष्ठ लिपिक म्हणून लागतो, त्याला पद रिक्त असूनही वर्षानुवर्षे पदोन्नती मिळत नाही, त्याला निदान वेतनात तरी पुढे जाता यावे, यासाठी ती योजना होती. दुसरी मागणी मात्र तुझ्याही कामाची आहे. परीक्षा विभागात तीन माणसांचे काम एकजण करत असेल, तर बैठक क्रमांकात चूक होते, अंतर्गत गुण भरायचे राहतात आणि हजर असलेल्या मुलाच्या निकालात ‘अनुपस्थित’ येते. तुला झालेला त्रास खरा आहे. मला तो आजही बोचतो.

अभिषेक_नगर

अंतर्गत गुण भरायचे राहिले म्हणून माझ्या मित्राचा निकाल चार महिने राखीव होता. त्यामागे हे कारण असू शकते, असा विचार मी केला नव्हता. धन्यवाद, मॅडम.

गोदाकाठची_माई

मूळ प्रश्नाकडे वळते. मी नाशिकच्या एका महाविद्यालयातून कार्यालयीन अधीक्षक म्हणून दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. आमच्या प्राचार्यांनी निवृत्तीच्या सहा महिने आधी एक कनिष्ठ लिपिक मुलगी दर शनिवारी दुपारी माझ्यासोबत बसवली. दुसरे कोणतेही काम त्या वेळी तिला द्यायचे नाही असा लेखी आदेश त्यांनी काढला होता, आणि त्यामुळेच ते जमले, नाहीतर पहिल्याच शनिवारी तिला टपालाला पाठवले असते.

आम्ही मिळून एक कामाची वही केली. दोनशे पानी साधी वही. तिच्यात महिन्यावार पाने पाडली. जून-जुलैच्या पानांवर प्रवेश, शुल्काच्या पावत्यांचा रोजचा ताळा आणि १ जुलैच्या वेतनवाढी लिहिल्या. त्यानंतर पात्रतेचे प्रस्ताव येतात. दुसऱ्या विद्यापीठातून आलेल्या मुलाचे स्थलांतर प्रमाणपत्र, बाहेरच्या मंडळातून बारावी झालेल्याचे कागद, यांत कोणती त्रुटी हमखास निघते, हे एकेका ओळीत लिहिले. सत्रपरीक्षांच्या आधी परीक्षा अर्ज, मार्चमध्ये अनुदानाची विनियोग प्रमाणपत्रे आणि लेखे बंद करणे, आणि निर्धारणाच्या पानावर लेखापरीक्षक दरवर्षी कोणते कागद मागतात त्यांची यादी.

वहीचा सर्वांत उपयोगी भाग मात्र मागच्या पानांवर आहे. त्याला मी ‘असे का’ असे नाव दिले. अमुक शुल्क वेगळ्या खात्यात का जाते, अमुक कपाटाची किल्ली दोघांकडे का असते, एका जुन्या नेमणुकीच्या फायलीत दोन आदेश का आहेत, आणि त्यांतला कोणता लागू धरायचा. हे नियमात सापडत नाही. ते कोणीतरी एकदा अडचणीत सापडून ठरवलेले असते. ती मुलगी विचारत गेली म्हणून मला आठवत गेले. एकटीने लिहायला बसले असते, तर त्यातले निम्मेही सुचले नसते.

वर्धेकर यांनी लिहिलेली यादीही त्यात आहे आणि तिची प्रत खिडकीशेजारच्या फलकावर लावलेली असते. नियम बदलला की आधी फलक बदलायचा, मग अर्ज घ्यायला सुरुवात करायची, असे मी त्या मुलीला बजावले आहे.

वर्धेकर

माई, तुमच्या फलकाविषयी वाचून फार समाधान वाटले. माझा धाकटा भाऊ यंदा प्रथम वर्षात आहे. त्याच्या महाविद्यालयात असा फलक आहे का, हे मी उद्या जाऊन पाहतो आणि नसेल तर प्राचार्यांना अर्ज देतो.

कऱ्हाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. मधल्या दिवसांत थोडी हालचाल झाली. माईंचा प्रतिसाद मी छापून प्राचार्यांना दाखवला आणि त्यांनी भाऊसाहेबांना विनंती केली. ते मंगळवारी आणि बुधवारी सकाळी येऊन गेले. नवा लिपिक त्यांच्यासमोर वही घेऊन बसला होता आणि मीही बसलो. भाऊसाहेबांनी सुरुवात टेबलापासून केलीच नाही. ते थेट भांडारात गेले, ट्रंक उघडली आणि प्रत्येक जुन्या नोंदवहीच्या पुठ्ठ्यावर कोणत्या क्रमांकापासून कोणत्या क्रमांकापर्यंत नोंदी आहेत, हे त्या मुलाकडून पांढऱ्या कागदाच्या पट्टीवर लिहून चिकटवून घेतले. दोन सकाळी त्यातच गेल्या आणि १९८७ ते २००१ इतके काम झाले. २००१ नंतरचे संगणकावर आहे, पण तेही एकदा पडताळून घ्या, असे ते म्हणाले.

पुढच्या मंगळवारी ते पुन्हा येणार आहेत. आस्थापना_टेबल ताई, तुमच्या शुक्रवारच्या यादीसारखी आमच्या महाविद्यालयाची यादी आमच्या मराठी विभागात आता दर शनिवारी पहिल्या तासाला वाचली जाईल, एवढे मी ठरवले आहे. माई, तुमच्या वहीच्या ‘असे का’ भागाची एकदोन पाने नमुन्यादाखल पाहायला मिळतील का?

गोदाकाठची_माई

त्या मुलीला विचारून रविवारपर्यंत फोटो पाठवते, वही आता तिच्याकडे आहे. माणसांच्या नावांची पाने मात्र वगळीन. निर्धारणाचे पान आमचे जसेच्या तसे घेऊ नका, कारण प्रत्येक विभागीय कार्यालयाची कागद लावण्याची रीत थोडी वेगळी असते. ते भाऊसाहेबांकडूनच लिहून घ्या, आणि शक्यतो पुढच्या मंगळवारीच.